न मारलेली चौथी फवारणी

पंप सुरू झाला, पाइप कलमांखाली पसरून झाला आणि मला कुजलेल्या मासळीचा वास आला.

"बंद कर रे!" मी गड्याला ओरडलो.

बाग गुहागरजवळची, हापूसची. मालक बोटीवर चीफ इंजिनिअर. सगळं गाव त्यांना चीफसाहेबच म्हणतं. बोटीवर प्रत्येक मशीनच्या मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं, तसं त्यांनी आंब्याचंही केलं होतं. छापून, लॅमिनेट करून, पंपाच्या खोलीच्या दारावर लावलं होतं. त्यात त्या दिवशी चौथी फवारणी होती. मी फवारणीचा कॉन्ट्रॅक्टर. वीस वर्षं फवारतोय, त्यातली पहिली दहा काही न बघता.

"पाटकर, पंप का थांबला?" साहेब तरातरा आले.

"साहेब, हा वास कसला?"

उत्तर मागून आलेल्या वहिनींनी दिलं. "मासळीचा हो. बंदरावरनं टोपलीभर आणवली न् कालच पोत्यांत भरून कलमांना टांगली. मोहोरावर माश्या नको यायला?"

आंबा धरतो तो बराचसा माश्यांच्या कृपेने. त्या एका फुलावरचे परागकण दुसऱ्या फुलावर नेतात. म्हणून आमच्याकडे काही जण मोहोर फुलला की बागेत मासळी टांगतात. वहिनींनी काल माश्यांना आवतण धाडलं होतं आणि साहेबांनी आज त्यांच्यासाठीच विष कालवलं होतं. नवराबायको एकाच घरात राहतात, पण हा विषय जेवताना निघाला नसावा.

"मोहोर पूर्ण फुललाय," मी म्हटलं. "आज मारलं तर माश्या मरतील. फळ धरणार नाही."

"आणि तुडतुडे? वर्षाचं पीक गेलं तर जबाबदार कोण? तुम्ही?"

तुडतुडे म्हणजे मोहोराचा रस पिणारे बारीक, उड्या मारणारे किडे. ते माजले तर मोहोर वाळून जातो. साहेबांची भीती खोटी नव्हती. पण माझीही नव्हती. पूर्वी एका मालकाने सांगितलं म्हणून मी ऐन फुलोऱ्यात फवारलं होतं. मोहोर दिसायला छान राहिला, त्याला कणी, म्हणजे सुरुवातीचं इवलं फळ, काही धरली नाही. मालकाने हवामानाला शिव्या घातल्या, मी गप्प राहिलो. त्या बागेवरून जाताना आजही मला लाज वाटते.

"साहेब, बोटीवर इंजिनचं ऑइल कधी बदलता?"

"सॅम्पल टेस्ट करून. रिपोर्ट खराब आला तरच."

"मग इथेही सॅम्पल घेऊ."

त्या फसलेल्या बागेनंतर मी फवारणीचं प्रशिक्षण घेतलं होतं, तिथे हेच शिकवलं होतं. आधी बघा, मोजा. किडीने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठं असेल तरच औषध, तेही जिथे कीड आहे तिथेच. आम्ही बागेच्या चारी कोपऱ्यांतली आणि मधली कलमं निवडून मोहोर हलवला, तुडतुडे मोजले. साहेब स्वतः आकडे लिहीत होते. जवळजवळ सगळी बाग ठीक निघाली. फक्त वहाळाकडची पाच कलमं इतकी दाट की आत ऊन शिरत नव्हतं. तुडतुडे तिथे होते. त्यांचा मोहोर अजून मिटलेला होता. तेवढीच पाच संध्याकाळी वारा पडल्यावर फवारली. हंगाम संपला की ती छाटून विरळ करायची, हेही सांगितलं.

"आणि बाकीच्यांना?"

"काही नाही."

"म्हणजे काहीच नाही?"

त्यानंतर साहेब रोज बागेत फेऱ्या मारत होते. खरं सांगायचं तर माझीही झोप उडाली होती. कणी धरली नसती तर त्या तालुक्यात मला कोणी उभं केलं नसतं. शेवटी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, धरली हो कणी! भरपूर धरलीय."

साहेब खुशीत बोटीवर गेले.

पुढच्या मोहोराला शेजारच्या तीन बागायतदारांचे फोन आले. तिघांनाही एकाच तारखेला चौथी फवारणी हवी होती, ऐन फुलोऱ्यात. साहेबांचं गेल्या हंगामाचं भरलेलं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. मी उघडून पाहिलं. 'चौथी फवारणी, पूर्ण बाग: डन.'

मी बोटीवर फोन लावला. "साहेब, पूर्ण बाग आपण मारलीच नव्हती!"

"अहो, कॉलम रिकामा कसा ठेवणार? ऑडिटला चालत नाही."

दोघांकडे जाऊन मी मोहोर हलवून दाखवला, तेव्हा ते थांबले. तिसऱ्याने दुसरा कॉन्ट्रॅक्टर बोलावला आणि वेळापत्रक तंतोतंत पाळलं. त्याच्या बागेतल्या मासळीचा वास मला रस्त्यावर येत होता.

तेव्हापासून मी न केलेली फवारणीही वहीत लिहितो. 'बाग पाहिली, मोजली, गरज नाही.' खाली मालकाची सही घेतो. नाहीतर आपण काही न केल्याचं श्रेयही औषधच घेऊन जातं. हा कॉलम मी चीफसाहेबांनाही सुचवला. त्यांना तो फार आवडला, लगेच लॅमिनेट केला.