गॅरेजमधलं अप्पेपात्र

बंदुकीचे छर्रे मी घरी ओततो. बाजारात भरलेली काडतुसं मिळतात, हे मला ठाऊक आहे, मुलगाही दर रविवारी फोनवर आठवण करून देतो. पण ज्यानं आधी कोल्हापुरात आणि मग बर्मिंगहॅममध्ये जन्मभर फौंड्रीत लोखंडाचा रस ओतला, त्यानं वाटाण्याएवढ्या गोळ्या दुकानातून आणायच्या? मग सुतारानं बसायला पाटसुद्धा विकतच आणावा. चौथीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही, पण ओतकाम मला कुणी शिकवायला नको.

बंदूक दुनळी आहे, लायसनची आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याची कोकरं कोल्हे नेतात, म्हणून त्याच्या रानात मी जातो. त्यासाठी छर्रे जरा मोठे लागतात.

काम असं. भंगारवाल्याकडून जुन्या छपरांवरच्या पत्र्याचं शिसं आणायचं. गॅरेजचं दार सताड उघडं टाकून, तोंडाला मास्क आणि हातात जाड हातमोजे घालून ते वितळवायचं. वर आलेली मळी काढायची आणि स्वच्छ रसाच्या वड्या पाडून ठेवायच्या. मग लागेल तशी एकेक वडी पुन्हा वितळवून छर्ऱ्यांच्या साच्यात ओतायची. वड्या पाडायला गोरे लोक केकचा पत्र्याचा साचा घेतात. पत्रा वाकतो. मी इंडियन दुकानात गेलो तर समोर बिडाचं अप्पेपात्र. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या घरचं. उचलूनच बघितलं, ओतकाम चांगलं होतं, घेतलं. शिसं त्यात असं बसायचं की थंड झाल्यावर पालथं केलं की टपाटप वड्या पडायच्या. आमच्या हिच्या अप्प्यांपेक्षा गोल. पण हे मी मनातच म्हटलं.

गेल्या ईस्टरच्या सुट्टीत मुलगा नातीला घेऊन मिल्टन कीन्सहून आला. नातीला आजीचे अप्पे आवडतात, म्हणून हिनं पीठ भिजवून ठेवलेलं. मी केस कापायला गेलो होतो. परत आलो तर दारातच वास. मी खूश होऊन आत गेलो आणि बघतो तर गॅसवर माझं पात्र. कडेला ओरखडा आहे, तो मीच पाडलेला, लांबूनही ओळखतो.

टेबलावर पहिला घाणा निघालेला. नात काट्याला अप्पा लावून फुंकत होती.

"खाली ठेव," मी म्हणालो.

"आजोबा, हॉट आहे. मी फुंकते आहे ना."

"फुंकू पण नको. ठेव."

तिच्या हातातला काटा घेतला आणि ताटासकट सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. गॅस बंद केला.

ही चमचा हातात घेऊनच पुढं आली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझं पीठ आहे ते."

"त्या पात्रात मी शिसं ओततो."

"ते दिसतंच आहे. माझ्या आईनं दिलेलं पात्र नेऊन गॅरेजच्या फळीवर ठेवलंत. मी खुर्च्या काढायला गेले म्हणून सापडलं. विचारायची पद्धत असते."

"हे तुझं नाही. माझं आहे."

"तुमचं? तुम्हाला चहा करता येत नाही, आणि अप्पेपात्र तुमचं?"

"विकत आणलंय."

"माझं कपाटात नाही, आणि हे तुमच्या फळीवर. मी काय खुळी आहे? आणि तीनदा घासलंय मी ते."

"शंभरदा घास. बिडाला बारीक भोकं असतात, त्यात बसलेलं शिसं घासून जात नाही. पोटात गेलं तर पोराबाळांचं डोकं बिघडतं."

"तुम्ही तर कधी खाल्लं नव्हतं," ही म्हणाली.

मुलानं तोवर फोन काढला होता. "आई, बाबा म्हणतात ते खरंय. इथं लिहिलंय."

ते ऐकल्यावर हिनं चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं मी भट्टीपुढं उभा राहिलो ते कुठं लिहून ठेवलेलं नाही, हीच माझी चूक.

आता एकच प्रश्न उरला होता. "कुणी खाल्लं का?" मी विचारलं.

नात म्हणाली, नाही. मुलगा म्हणाला, नाही. ही ओटा पुसायला लागली. स्वयंपाक करणारं माणूस मीठ बघायला तोंडात टाकतंच.

"अगं, खाल्लंस का?"

"नैवेद्याआधी मी कधी चाखते का?" ही चिडून म्हणाली. "पहिला देवापुढं ठेवलाय."

मी देवघरात जाऊन तो अप्पा उचलला आणि डब्यात टाकला. गणपतीला म्हटलं, तुला सवय आहे, तू सगळं पचवतोस. यावर हिचं माझ्याशी बोलणं दुपारपर्यंत बंद झालं.

दुपारी हिनं मैत्रिणीला फोन लावला. हिचं पात्र तिच्याकडंच होतं, गणपतीत नेलेलं, परत द्यायचं राहिलेलं. ही फोन ठेवून म्हणाली, "तरी एवढं सेम टु सेम आणायचं कशाला?" मी ती माफी समजलो. उरलेल्या पिठाचे तव्यावर उत्तप्पे झाले. मला मिळाला तो करपलेला.

आता भांडण पात्राचं. ही म्हणाली, टाकून द्या. मी म्हणालो, चांगलं ओतीव बीड मी टाकत नसतो. लाल रंग लावा म्हणाली. तापल्यावर रंग जळतो म्हणालो. शेवटी ते बंदुकीच्या पोलादी कपाटात गेलं, कारण घरात कुलपाची जागा तेवढी एकच, आणि कायद्यानं त्याची किल्ली फक्त माझ्याकडं असावी लागते.

पुढं लायसनच्या नूतनीकरणाला पोलिसांचा माणूस आला. तरुण, सभ्य. कपाट उघडून दाखवलं, तर एका कोपऱ्यात बंदूक, दुसऱ्यात अप्पेपात्र. त्यानं बंदुकीचा नंबर कागदाशी ताडून बघितला. मग वळून हिला विचारलं, घरात बंदूक आहे, त्याची तुम्हाला काही काळजी वाटते का?

"गन नो प्रॉब्लेम," ही म्हणाली. "पॅन व्हेरी डेंजर."

मी माझ्या फौंड्रीतल्या इंग्रजीत सगळं समजावलं. तो हसला नाही, हे त्याचं कौतुक. किल्ली आणखी कुणाकडं असते, विचारलं. "कुणाकडंच नाही," मी म्हणालो. "मला पण देत नाही," हिनं जोर देऊन सांगितलं, आणि त्याला समाधान वाटलं.

जाताना हिनं त्याच्यापुढं बशी धरली. गरम अप्पे, हिच्या पात्रातले. त्यानं हात पुढं केला, मध्येच थांबवला, कपाटाला कुलूप आहे ना ते वळून बघितलं, आणि मगच एक उचलला.