दाराशी ठेवलेल्या चपला

आमच्या बेघर निवाऱ्यात जो तो चपला उशीखाली घेऊन झोपायचा. सफाईवाल्या मावशींना ते बघवायचं नाही. "धुतलेल्या उशीला चिखल? दाराशी ठेवा. गेल्या तर माझ्या घालून जा!" म्हणून खेकसायच्या.

आणि एका म्हाताऱ्याच्या खरंच गेल्या. मावशींनी शब्दाला जागून पायातल्या काढून दिल्या आणि चोराला शिव्या घालत अनवाणी घरी गेल्या. तेव्हापासून दाराशी चपलांची रांग लागायला लागली.

गेल्या आठवड्यात इमारत पाडायची म्हणून निवारा शहराबाहेर हलवला. मी पहारेकरी, मला नेलं. मावशींना नाही, तिथली सफाई कंत्राटदाराकडे. हे त्यांना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात मारलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि झाडू जागेवर ठेवला. एरवी सारा निवारा डोक्यावर घेणारी बाई!

नव्या जागी प्रत्येकाला कुलपाचं कपाट आहे. पहिल्याच सकाळी बघतो तर चपला पुन्हा उशीखाली. मी त्याच म्हाताऱ्यावर डाफरलो, "बाबा, कपाट दिलंय ना?"

"दिलंय की," म्हातारा म्हणाला. "पण चपला गेल्या तर कपाट अनवाणी घरी जाणार आहे का?"