डोकमर्डीची सकाळची फेरी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही—तिच्यापासून तर सगळ्यात जास्त लपवलं. मग तुम्हालाच का सांगतोय? परवा मुलीचा फोन आला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून.

मुलगी एका विमान कंपनीत नोकरीला आहे. मोठी कंपनी लहान गावांची उड्डाणं तीन-चार छोट्या कंपन्यांना वाटून देते, आणि कुणाचा सारखा उशीर व्हायला लागला की त्याचं उड्डाण काढून दुसऱ्याला देते, असं ती मला समजावत होती. "त्या लहानांचं वाईट वाटतं हो पप्पा," म्हणाली. मी नुसतं हं हं करत राहिलो. मला काय समजावतेस, पोरी? तू जन्मलीस तेव्हा राखोलीच्या एका कारखान्यात मी हेच काम करत होतो. फक्त विमानांच्या जागी बसगाड्या होत्या.

कामगारांना आणायला तीन ठेकेदारांच्या गाड्या होत्या. गाडी गेटवर उशिरा आली की रजिस्टरमध्ये लाल शेरा, आणि शेजारी मी कारण लिहायचं. ठेकेदाराची चूक नसेल तर शेरा धरत नसत. तीन शेरे झाले की फेरी दुसऱ्याला.

त्यांतले निंबाभाऊ शिरपूरकडचे. त्यांची एकच गाडी, ती ते स्वतः चालवायचे. डोकमर्डीची सकाळची फेरी त्यांच्याकडे होती, आणि बाकीच्या दोघांचा तिच्यावर डोळा होता. मी डोकमर्डीतच राहायचो, पहिल्या थांब्यापाशी.

त्या सकाळी बायकोला अचानक कळा सुरू झाल्या. आठवाच महिना होता. रिक्षा मिळेना. धावत थांब्यावर आलो तर निंबाभाऊंची रिकामी बस येऊन उभी. मी धड काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडलं. "वहिनीले आधी बसवा, भाऊ. गेटचं मंग पाहू." ती एवढी मोठी बस त्यांनी किती जपून चालवली—खड्डा दिसला की जणू त्यांनाच कळ येत होती. अजून आठवलं की डोळे भरतात. आम्हाला दवाखान्यात सोडून ते कामगारांना घ्यायला परत फिरले. गेटवर पाऊण तास उशीर झाला. इकडे मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आणि मी? दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं. त्यांचे दोन शेरे आधीच होते. खरं कारण लिहिलं असतं तर कामावरची गाडी घरच्यासाठी वळवली म्हणून मला मेमो आला असता, आणि त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी लिहिलं—'ड्रायव्हर उशिरा आला.'

बैठकीत मॅनेजरने विचारलं, का उशीर? निंबाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मी सांगेन, अशी त्यांची खात्रीच होती. मी रजिस्टरची पानं उलटत बसलो. शेवटी तेच म्हणाले, "झाला साहेब, उशीर." फेरी गेली.

आठवड्याने ते आमच्या घरी आले—बाळ बघायला! त्यांच्या बायकोने शिवलेलं झबलं घेऊन. माझी बायको वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं, खूप हसले, आणि फेरीबद्दल तिच्यापाशी अवाक्षर काढलं नाही. माझ्यापाशीही नाही. एखादी शिवी तरी द्यायची!

दोन महिन्यांत गाडी विकून ते गावी गेले. बायकोने विचारलं, असे अचानक का गेले? मी म्हणालो, त्यांची आई आजारी आहे.

मी तेव्हा नवा होतो, घाबरलेला होतो—नको, ते राहू दे. भित्रेपणाला दुसरं नाव देत नाही. बायको अजून मधूनच विचारते, निंबाभाऊंची आई पुढे बरी झाली का हो? मी म्हणतो, झाली. त्यांना आई होती की नव्हती, हेही मला ठाऊक नाही. निंबाभाऊ गाडी विकून गेले, ते माझ्यामुळे.