पहिलं बोट

कडूबाईच्या नावाची परंड्यात लई चेष्टा व्हायची. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं मुद्दाम असं नाव ठेवलेलं. पण या कडूच्या हातचं काजळ डोळ्यात गेलं की लोण्यासारखं गार वाटायचं. एरंडेलाचा दिवा, वर पालथी तांब्याची ताटली, काजळी धरली की त्यात घरचं तूप. जत्रेत तमाशाच्या फडावरच्या बायका तोंडाला रंग लावून तिची वाट बघत बसायच्या. नवी डबी उघडली की पहिलं बोट ती गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या डोळ्यात फिरवायची. मगच डबी दुसऱ्याच्या हातात.

बहात्तर साली एरंडी शेतातच वाळली आणि कडूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथं गावचे पुढारी नानासाहेब आले. त्यांनी बायकांची गृहउद्योग संस्था काढली होती, चेअरमन अर्थात तेच.

"कडूबाई, नाव तुमचं, डबी संस्थेची. खडी सुटली समजा."

पंधरा दिवस तिनं संस्थेच्या तेलावर, सावलीत बसून काजळ धरलं. मग तेल यायचं थांबलं. महिन्याभरानं भरलेल्या डब्याच आल्या. झाकणावर छापलेलं, 'कडूबाईचं काजळ'.

डब्या वाटायला खडीच्या कामावरच मांडव घातला, बायका कडेवर लेकरं घेऊन जमल्या. सत्यभामा सगळ्यांत पुढं, तिच्या तान्ह्याचे डोळे दगडाच्या भुकटीनं चिकटलेले.

कडूबाईनं डबी उघडली आणि नाकाशी नेली. रॉकेलच्या चिमणीची काजळी, मोटारीचं ग्रीस, वरून गुलाबाचं अत्तर. मेलेल्या उंदरावर फुलं वाहावीत तसा वास. तिनं नानासाहेबांकडं बघितलं. पानानं लाल झालेले दात काढून ते हसत होते. त्या तोंडाचीच तिला शिसारी आली.

"काय घातलंय यात?" ती हळू आवाजात म्हणाली.

"डब्या वाटा, बाई. का परत हातोडा पाहिजे?" तेही हळूच म्हणाले, हसू न मोडता.

समोर सत्यभामा ओरडली, "मावशी, बोट घाला की! झळांनी माझं लेकरू करपाय लागलंय."

"डोळं दिपलं आसतील नानासाहेबाच्या धोतरानं!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

कडूबाईनं बोट डबीत बुडवलं. एकदा डोळ्यात फिरवलं की साऱ्या लेकरांच्या डोळ्यांत ती घाण जाणार. नाही फिरवलं, तर उद्या खडी. बोट पापणीपाशी गेलं, वासानं डोळ्याला पाणी सुटलं, आणि ते तिथंच थांबलं.

मग तिनं शांतपणे वाकून ते बोट नानासाहेबांच्या कडक इस्त्रीच्या धोतराला पुसलं. चांगलं वीतभर.

"अगं ए! धोतर..."

"तुमचंच हाय, चेअरमनसाहेब. ठेवा."

सत्यभामेनं लेकराचं तोंड पदरानं झाकलं आणि मागं सरली. तिच्यामागं सगळ्या.

माझ्या हातचं असतं तर रिठ्यानं निघालं असतं, असं कडूबाई पुढं सांगायची. नानासाहेबांच्या बायकोनं ते धोतर तीनदा सोड्यात उकळलं. डाग नुसता पसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई खडीवर होती. बोट राखेनं घासघासून सोललेलं, तरी जेवताना त्याला वास येत होता. म्हणून तिनं भाकरी डाव्या हातानं खाल्ली, आणि प्रत्येक घासाला थुंकावंसं वाटलं.