पलंगाच्या उंचीची गाडी

आमच्या आबांना कुणी उचललेलं चालत नसे. जन्मभर त्यांनी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. एके दिवशी ट्रकच्या फळीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांच्याच हमालांच्या टोळीतल्या चौघांनी त्यांना उचलून कोपरखैरण्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात आणून ठेवलं. चौघं गेल्यावर आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पुन्यांदा मला कुनी उचलायचं न्हाय. सांगून ठेवतो." आणि आबांनी सांगून ठेवलेलं आमच्या घरात कधी मोडलं गेलं नव्हतं.

काठी घेऊन ते दारापर्यंत, मग अंगणापर्यंत चालायला लागले. पुढे मात्र गाडं अडलं. रिक्षात शिरायला पाय दुमडावा लागतो, तो दुमडेना. माझी सेकंडहँड व्हॅन दारातच उभी असायची. तिच्यातून मी शाळेची मुलं नेत-आणत होतो. पण व्हॅनची पुढची सीट चाकाच्या वर, म्हणजे तिथे बसायचं नाही, चढायचं. पाट ठेवून पाहिला तर म्हणाले, "पाटावर उभं ऱ्हायला मी काय नवरदेव हाय?" मी काखेत हात घालायला गेलो की असे बघायचे, की माझा हात मुकाट मागे यायचा. डॉक्टरांनी दिलेल्या तारखा टळत गेल्या. कांद्याचा भाव विचारणं त्यांनी सोडलं, मग ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. आपला बाप खिडकीशी बसून बसून एक दिवस घरातलं सामान होऊन जाईल, असं मला वाटायला लागलं.

माणूस वर चढत नाही तर गाडी खाली आणा, ही अक्कल आईची. "ती पोरं नाही का गाड्या खाली करून गाणी वाजवत फिरत? तशी कर," ती म्हणाली. मी चिडलो. आईचं बरोबर असलं की मी जरा जास्तच चिडतो. शाळेची व्हॅन तसली केली तर मुलांच्या आया मला काय म्हणतील? दोन दिवस धुसफुसलो आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढून तळवलीला गेलो. तिथे गावातलाच एक मेकॅनिक घरापुढे पत्रा टाकून असली कामं करायचा.

"स्वस्तान पायजे ना?" तो म्हणाला. "स्प्रिंग कापतो. दोन वेढं काढलं का गारी खाली. पन मग वर नाय येनार."

तशी कापलेली एक गाडी दारात होती. त्यात बसवून त्याने मला ठाणे-बेलापूर रोडवर थोडं फिरवून आणलं. खड्डा आला की धक्का थेट मणक्यातून टाळूला. मला सारखा आबांचा खुबा दिसत होता. नको म्हटलं. दुसरा उपाय गॅसने स्प्रिंग तापवून खाली बसवायचा, पण ती एकदा बसायला लागली की बसतच जाते, असं तो स्वतःच म्हणाला. तिसरा उपाय खरा होता. शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात, त्यावर स्प्रिंगखाली एक चकती. चकती फिरवली की गाडी हवी तेवढी खाली, नको झाली की पुन्हा वर. परदेशातून आलेली तशी जोडी जासईला कंटेनर यार्डाच्या बाजूला मिळते, असं त्याने सांगितलं. किंमत ऐकून मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग तो हसत आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली एक जोडी घेऊन आला. करावे गावातल्या एका तरुणाने ती त्याच्याकडून लेथवर बनवून घेतली होती. तेवढ्यात त्याचं लग्न ठरलं. होणारे सासरे एकदा गाडीत बसले आणि कंबर धरून उतरले. गाडी आधी होती तशी झाली नाही तर मुलगी देणार नाही, असा निरोप आला.

"त्याच्यान बसवलेली स्प्रिंग लय कडक होती. तुजं तू नरम टाक," मेकॅनिक म्हणाला. "तुजा बापूस आरामान बसंल." ती वापरलेली जोडी मला परवडली. मागचे पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगा, मी तसेच ठेवले, कारण मागे मुलं बसायची. त्यामुळे व्हॅन पुढून वाकून नमस्कार केल्यासारखी दिसायला लागली.

आता प्रश्न उंचीचा. डॉक्टरांनी सांगितल्यावरून आम्ही आबांच्या पलंगाखाली विटा लावल्या होत्या, आणि तेवढ्या उंचीवरून ते स्वतःचे स्वतः उठत-बसत. आईने पलंगाला सुतळी लावून माप घेतलं आणि गाठ मारली.

"काय मापतीस?" आबा म्हणाले.

"झालर लावणारे पलंगाला."

"ह्या वयात झालर?" कितीतरी दिवसांनी ते हसले.

चकती पार खाली नेली तेव्हा सीट सुतळीच्या गाठीला आली. मी खूश होऊन निघालो आणि कॉलनीच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट असं खरडलं, की टपरीवाला चहा गाळायचा थांबला. चार आटे वर घेतले. स्पीडब्रेकर सुटला, पण गाठ चुकली. खाली घेतलं की खरडायची, वर घेतलं की आबांना उंच. पाना घेऊन मी रोज गाडीखाली. शेवटी गाडी खरडणार नाही अशा जागी चकत्या आवळल्या, तेव्हा सीट गाठीपेक्षा दोन बोटं वर राहिली. आईने सीट घरात आणली, कव्हर उसवलं, आतला फोम सुरीने कापून पातळ केला आणि पुन्हा शिवून दिली. दोन बोटं तिने काढली.

आबा हे सगळं खिडकीतून बघत होते. "साळंची गाडी हाय का तमाशाची?" असं रोज एकदा तरी ऐकवायचे. मी गिळून घ्यायचो. तुमच्यासाठी करतोय म्हटलं असतं, तर त्यांनी तिकडे पाठच फिरवली असती.

एका रविवारी मी काच पुसत होतो. आबा काठी टेकत बाहेर आले. पुढचं दार उघडंच होतं. त्यांनी सीटवर तळवा ठेवला, मग तोच हात मांडीशी नेला, पुन्हा सीटवर ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. सीटकडे पाठ करून ते पलंगावर बसतात तसे बसले, दुखरा पाय दोन्ही हातांनी धरून आत घेतला आणि दार स्वतः ओढलं. आई दूध उतू जातंय म्हणत आत पळाली. शेगडीवर काहीही नव्हतं. मला इतका आनंद झाला, की किल्ली हातात असून मी किल्ली शोधत होतो.

"मार्केटला घे," आबा म्हणाले.

मार्केटात ते स्वतः उतरले. टोळीतले सगळे गोळा झाले, पण कुणी हात लावला नाही. आबांचा शब्द तिथेही पोचला होता. आबांनी चहा घेतला, एक कांदा दाबून बघितला, भाव विचारला, एका नव्या माणसाच्या पाठीवरची गोणी सरळ करून दिली. काठीवर भार टाकून ते उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मला त्यांना थांबवावंसं वाटत नव्हतं.

निघताना ते गाडीपाशी आले तेव्हा पाय थरथरत होता. सीट तीच, उंची तीच, पण अंगात ताकद उरली नव्हती. सीटकडे पाठ करून एकदा बसायला बघितलं, परत बघितलं. बसणं होईना. टोळीतली माणसं उगाच गोण्यांकडे बघायला लागली. मीही चकत्यांचा विचार करत उभा राहिलो, जणू तिथेच पाना काढून फिरवणार होतो.

"उचल," आबा हळूच म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग घाईघाईने वाकलो.

"कमरंतनं न्हाय. आधी गुडघ्यात बस."

मी बसलो.

"हात मांड्यांखाली घाल. आता मला अंगाशी घे. लांब धरलास तर वझं दुप्पट व्हतं."

मी त्यांना अंगाशी घेतलं. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी म्हणाले, "हां. आता ऊठ."