तिसाव्या बाळंतपणाचं पान

मिडवाइफरीच्या पुढच्या कोर्सला अर्ज करायचा तर स्वतःच्या हाताने केलेली तीस बाळंतपणं वहीत दाखवावी लागत होती. प्रत्येकाचं एक पान: आईचं नाव, वेळ, बाळाचं वजन, मुलगा की मुलगी, खाली इन्चार्ज सिस्टरची सही. माझी वही एकोणतीसवर थांबली होती. तिसावं पान कोरं का आहे, हे आमच्या प्रसूतिगृहात सगळ्यांना माहीत होतं.

तिसावं बाळंतपण माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात मानखुर्दहून घाटकोपरला आमच्याकडे आली. डोंगरावरच्या आमच्या घराच्या पायऱ्या चढताना धापा टाकायची आणि वर मलाच दम द्यायची, "ताई, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाय हां. तूच करायचं." मीही तोऱ्यात हो म्हटलं. माझ्या हाताला गुण आहे असं वॉर्डात म्हणत, आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं.

कळा छान येत होत्या. अगदी शेवटी बाळाचे ठोके मंदावले, डॉक्टर धावत आल्या, तोवर बाळ माझ्या हातात आलं. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. जे जे करायचं ते सगळं केलं, पण ती रडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, यात कोणाची चूक नाही. ते एक वेळ मानीन. त्यानंतर मी जे केलं त्याला मात्र माफी नाही.

बाहेर आईने आणि बहिणीच्या सासूने ठरवलं की बाळ तिला दाखवायचं नाही, जीव अडकतो. परक्या बायकांसाठी मी अशा वेळी नातेवाइकांशी कडाकडा भांडले आहे. आधी बाळाच्या आईला विचारा, हेच आम्हाला शिकवलेलं. स्वतःच्या बहिणीला मी विचारलं नाही. बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि दारातून तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. आत ती विचारत होती, "ताई, आणतेस ना गं?" तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं, तेव्हा तिची छाती घट्ट बांधायलाही मीच होते.

त्यानंतर मी स्वतःहून मागून लसीकरण विभागात बदली घेतली. दोन वर्षं घरात कोणी तो विषय काढला नाही. पण हात बाळंतपणाचेच होते, सुया टोचून त्यांचं समाधान होईना. अर्जाला आठवडा उरला तेव्हा इन्चार्ज सिस्टर मला चांगल्याच ओरडल्या, "वेडी आहेस काय गं? बाळंतपण तू केलंस, मी बाजूला उभी होते. पान भर, सही मी करते."

मी भरलं नाही. बहिणीला न विचारता एकदा केलं होतं तेवढं पुरे होतं.

रविवारी मानखुर्दला गेले. ती ओट्याशी बोंबील साफ करत होती. मी वही पुढे केली आणि अर्जाचं, पानाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने साबणाने हात धुतले, पुसले आणि कोरं पान बघत बसली. वही तोंडावर फेकेल असं वाटलं. फेकली असती तर बरं वाटलं असतं.

"वजन पण लिहायचं असतं?"

"हो."

"किती होतं?"

"दोन किलो आठशे."

"एवढी भरलेली?" ती म्हणाली. "मला वाटायचं मीच नीट खाल्लं नाय. बारकी राहिली, म्हणून गेली."

दोन वर्षं ती हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती, आणि तिला खरं सांगायला मला माझा अर्ज लागला. मला स्वतःची लाज वाटली. मी ढसाढसा रडले. ती रडली नाही.

"आत्ताच भर. माझ्यासमोर."

मी लिहीत गेले आणि ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. शेवटी तिने विचारलं, "केस होते का गं?"

"खूप. काळेभोर."

"ते लिही ना."

"त्याला जागा नसते गं वहीत."

"कुठे पण लिही, ताई."

सहीच्या वर थोडी मोकळी जागा होती, तिथे लिहिलं. तिने मोबाइल आणला, पान खिडकीपाशी उजेडात धरलं आणि त्याचा फोटो काढला.

मला प्रवेश मिळाला. तिच्या मुलीचा तिच्याकडे तेवढाच फोटो आहे.