ब्रेकचं ऑइल

बाजारात त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. "सावकाश आला का?" असं एका दुकानदाराने विचारलं, की दुसरा म्हणे, "येईल, सावकाश." तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. पन्नाशीचा, अंगाने काटक माणूस. उमेदीची सगळी वर्षं काचेच्या कारखान्यात तावदानं कापण्यात गेलेली. कारखाना बंद पडल्यावर त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि आधी कापायचा त्याच काचा तो आता पोचवू लागला. व्हॅनचा तो चौथा मालक. आधीच्या तिघांनी ती का विकली असेल, हा विचार तो रोज सकाळी किल्ली फिरवताना नव्याने करी.

काचेची त्याला कधी भीती वाटली नव्हती. काच फुटते ती एकदाच. आवाज होतो, विषय संपतो. व्हॅन मात्र हप्त्याहप्त्याने मोडत होती. सकाळी इंजिनाचा पट्टा किंचाळे. चढावर क्लच घसरे आणि इंजिन नुसतंच ओरडे. बाजूचा सरकता दरवाजा चाकांवरून उतरे, मग नवरा-बायकोने मिळून तो खांद्याने उचलून बसवायचा. गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा चढे, आणि इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला तो भर उन्हात हीटर लावी.

"अहो, काचा पोचवताय की मला भाजताय?" शेजारच्या सीटवरून बायको म्हणे. काचा उतरवायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस ती.

खर्च किती येणार, हे मिस्त्रीच्या तोंडावरून कळायला तो शिकला होता. मिस्त्री "किरकोळ आहे" म्हणाला, तर दिवसाची कमाई. "बघू" म्हणाला, तर आठवड्याची. काही न बोलता चिंधीला हात पुसू लागला, तर महिन्याची. गिअरबॉक्सच्या वेळी मिस्त्रीने साबणाने हात धुतले होते.

त्यामुळे ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा जरा खाली जातंय असं वाटलं, तेव्हा तो गॅरेजात गेलाच नाही. त्याने फोन केला. मिस्त्री कुठल्याशा गाडीखाली पडून बोलत होता.

"ऑइल कमी झालं असेल. ब्रेकची टाकी माहितेय ना, पांढरी? तिच्यावर खूण आहे, तिथपर्यंत भरा. आणि नंतर आणून दाखवा."

"एवढंच ना?"

"सध्या एवढंच."

डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. घरात इंजिनाच्या ऑइलचा न उघडलेला डबा होता, त्यातला त्यात भारीपैकी. या गाडीला हलकं नको म्हणून त्याने मुद्दाम आणलेला. त्याने टाकीचं झाकण पुसलं, भोवतालची धूळ झटकली, बायकोला नरसाळं धरायला लावलं आणि धार न तोडता बरोबर खुणेपर्यंत भरलं. काच कापायची ती नजर, एक थेंब बाहेर सांडला नाही. आणून दाखवायचं मात्र राहून गेलं.

त्यानंतर व्हॅन जड चालू लागली. सपाट रस्त्यावर पाय उचलला, की मागून कुणी धरल्यासारखी थांबे. त्याला ते बरंच वाटलं. आता कशी पकडतेय, असं तो बायकोला म्हणालासुद्धा.

"वास येतोय कसला तरी," ती म्हणाली.

"पुढच्या ट्रकचा असेल."

मागे दुकानाच्या दर्शनी भागाच्या मोठ्या काचा उभ्या बांधलेल्या होत्या. दवाखान्याच्या चौकातून बाजाराकडे लांब उतार आहे, आणि उताराच्या तळाशी बस थांबते. उतार लागला, त्याने पेडल दाबलं आणि पेडल खाली गेलं. नुसतं गेलं, उशीवर पाय ठेवावा तसं. त्याने पुन्हा दाबलं. पाय पत्र्याला टेकला.

कानात काचांची बारीक किणकिण तेवढी येत होती. खाली बसमधून माणसं उतरत होती, पिशव्या सावरत, रस्त्याकडे पाठ करून.

"अहो," बायको म्हणाली. एवढंच.

त्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, गाडी अडखळली, पण उतरतच राहिली. मग पहिला, तो कचकच करत कसाबसा बसला. हँडब्रेक त्याने एकदम न ओढता एकेक खाच करत ओढला, कारण एकदम ओढला तर काचा पाठीत येतील हे त्याला ठाऊक होतं. चाक फूटपाथच्या कडेला घासत नेलं. रबर कडेवर भाजत, करकरत गेलं, आणि बसच्या मागे, एक माणूस आडवा झोपेल एवढ्या अंतरावर, व्हॅन थांबली. बसमधून उतरलेली एक बाई त्याला म्हणाली, "दिसत नाही का हो?"

काचा शाबूत होत्या. बायको खाली उतरली आणि फूटपाथवर बसली. सावकाशने पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

गाडी ओढून गॅरेजात नेली. तिथे मिस्त्रीने टाकीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"यात काय टाकलंय?"

"ऑइल. तुम्हीच म्हणालात."

"कसलं ऑइल?"

सावकाशने डब्याचं नाव सांगितलं. मिस्त्रीने डोळे मिटले.

"अहो, ब्रेकचं ऑइल म्हणजे ऑइल नसतं. आपण म्हणतो आपलं ऑइल. ते वेगळंच असतं. त्याचा डबा वेगळा, दुकानात वेगळा मागायचा. खऱ्या तेलाने आतलं एकूण एक रबर फुगलंय. फुगलं म्हणून ब्रेक सुटेना, सुटेना म्हणून तापला, आणि तापून तापून गेला."

"मग त्याला ऑइल कशाला म्हणता?" बायकोने विचारलं.

मिस्त्रीने टाकीचं झाकण लावलं. तो नळाकडे गेला आणि साबण शोधू लागला.

हात धुऊन आल्यावर त्याने दोन रस्ते सांगितले. सगळं धुऊन काढायचं, वरचा मुख्य सिलिंडर तेवढा बदलायचा. उद्या संध्याकाळी गाडी तयार. नाहीतर चारही चाकांचे सिलिंडर, सगळे पाइप, सगळी रबरं नवी. त्याला आठवडा, आणि खर्च व्हॅनच्या निम्म्या किमतीएवढा.

"पहिल्याने चालेल?" सावकाशने विचारलं.

"चालतं. पुष्कळांचं चाललंय."

"आणि नाही चाललं तर?"

"नाही चाललं तर तुम्हाला कळेलच."

ज्याच्या काचा तो पोचवी, त्या दुकानदाराला आठवडाभर दम निघणार नव्हता. तो दुसरी गाडी लावणार आणि मग तीच ठेवणार, हे सावकाशला दिसत होतं. दुकान गेलं की निम्मं काम गेलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. उजव्या हाताने डावं मनगट धरून उभी होती, ज्या हाताने तिने नरसाळं धरलं होतं.

"सगळं बदला," तो म्हणाला.

दुकान गेलंच. त्यांना खिडक्यांची लहान कामं तेवढी उरली. आठवड्यानंतर गाडी हातात आली तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट होतं. त्याने गॅरेजाच्या दारातच ते इतक्यांदा दाबून पाहिलं, की मिस्त्री म्हणाला, "राहू द्या थोडं, घरी न्यायला."

दवाखान्याच्या चौकात बायकोने गाडी थांबवायला लावली.

"मी चालत येते खाली."

"अगं, सगळं नवं आहे."

"असू दे. तुम्ही या."

त्याने आग्रह केला नाही. तो पहिल्या गिअरमध्ये निघाला. जरा पुढे जाई आणि ब्रेक दाबी, गाडी थांबे. पुन्हा सोडी, पुन्हा दाबी. दर वेळी ती थांबत होती, आणि दर वेळी पुढच्या वेळेची भीती तेवढीच होती. मागे हॉर्नचा गलका उठला. एक रिक्षावाला बाजूने जाताना म्हणाला, "काका, ढकलू का?" सावकाशचा सदरा पाठीला चिकटला होता.

बायको फूटपाथवरून त्याच्या आधी खाली पोचली. तो आला, तिने दार उघडलं, आत बसली. त्याला पेडलवरचा पाय काही केल्या उचलवत नव्हता.

"सोडा आता," ती म्हणाली. "थांबलीये ती."

"थांबलीये," तो म्हणाला, आणि पाय तसाच दाबून बसून राहिला.